एकाच तारखेच्या अळ्या

आमच्या शेडात पहिल्यांदा येणारा पाहुणा दारातच थबकतो आणि विचारतो, "बाहेर पाऊस लागला काय?" पाऊस नसतो. हजारो रेशीम अळ्या एकाच वेळी तुतीची पानं खात असतात, त्याचा तो आवाज. मला स्वतःला तो कधीच पावसासारखा वाटला नाही. लग्नाच्या पंगतीत पापड वाढून झाले की सगळी पंगत एकदम पापड मोडायला लागते, तसा तो आवाज आहे. फक्त ही पंगत उठायचं नाव घेत नाही, आणि वाढपी म्हणून आपण एकटेच असतो.

माझं माहेर परतूरचं, घर भर बाजारपेठेत. समोरच्या अडतीवर सकाळपासून भाव पाडण्याची आणि चढवण्याची भांडणं चालायची. ती ऐकतच मी मोठी झाले, त्यामुळे मोठ्यानं बोलायची मला लाज वाटत नाही. लग्न होऊन वडीगोद्रीपासून आतल्या बाजूच्या या गावात आले तेव्हा सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सून चांगली हाय, पण आवाज अडतीवरचा हाय." त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. आवाज तोच आहे.

घरचं बाकीचं रान मालक बघतात. तुतीचा एकर आणि त्याच्या कडेचं शेड मात्र माझं. बांधाच्या पलीकडं तसाच एक एकर, तसंच शेड, ते माझ्या शेजारणीचं. तिचा नवरा जालन्याला एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात गाडीवर आहे, सुट्टीला येतो. घरी ती आणि तिची सासू. जमीन दोघा भावांची एकत्र, आणि ती कसतो तिचा दीर. ती मला वैनी म्हणते, मी तिला वैनी म्हणते. नव्या माणसाला यातली थोरली कोण ते कळत नाही, आणि आम्हीही ते कधी ठरवलं नाही.

आमची सावड होती. सावड म्हणजे एकीच्या कामाला दुसरीनं जायचं, मजुरी द्यायची-घ्यायची नाही, हाताला हात फेडायचा. पेरणी-कापणीची सावड गावात पूर्वापार चालत आली आहे. आम्ही ती अळ्यांना लावली. त्याला कारण असं की रेशीम अळी आयुष्यभर जेवढं खाते त्यातलं बहुतेक ती शेवटच्या आठवड्यात खाते. आम्ही त्याला मोठं खाणं म्हणतो. त्या आठवड्यात दिवसातून तीनदा तुतीच्या फांद्या कापायच्या, डोक्यावर वाहायच्या, रॅकवर अंथरायच्या. हे एका बाईच्या अंगाबाहेरचं काम आहे. म्हणून आम्ही दोघी अळ्या पुढं-मागं आणायचो. एकीकडं मोठं खाणं चालू असलं की दुसरीकडं अळ्या लहान किंवा शेड रिकामं. पहिला मान एकदा माझा, एकदा तिचा. याला आम्ही पाळी म्हणायचो, आणि ती पाळीच त्या भाद्रपदात आमच्या मधे आली.

पाळी माझी होती. पण ती सकाळी सकाळी बांधावर आली आणि म्हणाली, "वैनी, ह्या टायमाला मी आधी आणते. तुम्ही मागून आणा."

मी हातातली फांदी खाली ठेवली. "का म्हणून? मागच्या बारीलाबी तुम्हीच आधी आणलं होतं. पाळी माझी हाय."

"मला दसऱ्याच्या आत मोकळं व्हायचंय."

"मला न्हाई व्हायचं का? माझ्या घरी घट बसतेत."

दसरा बांधाच्या दोन्ही बाजूंना येतो, पण सारखा येत नाही. माझ्याकडं नऊ दिवसांचे उपास, घट, धुणंधाणं, सारवणं. तिच्याकडं त्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असतं. तिची सासू दर वर्षी जायची. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून तिचं जाणं झालं नव्हतं, आणि यंदा तिनं "एकदा मला नेऊन आण" एवढंच मागितलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या सकाळी तिनं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तिच्या दिराचं मात्र मला माहीत होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. पावसाळ्यातली तिची बॅच रोगानं बसली होती. अर्ध्याहून जास्त अळ्या टोपलीनं खड्ड्यात टाकाव्या लागल्या. तेव्हाच दीर पारावर बोलला होता, "दसऱ्यापर्यंत बघतो. ह्या बारीलाबी असंच झालं तर तुतीत ट्रॅक्टरचा रोटर घालतो आन् ऊस लावतो. ऊस काय रोज तीनदा जेवायला मागत न्हाई." माणूस वाईट नाही. पाटाचं पाणी आहे, साखर कारखाना जवळ आहे, त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर होता. पण त्या एका एकराच्या जोरावर ती कुणाच्या सोयाबीनच्या गुत्त्यावर, ठेक्याच्या मजुरीला, न जाता स्वतःच्या शेडाची मालकीण होती. तुती गेली असती तर ती पुन्हा दुसऱ्याच्या रानात वाकली असती. तिच्यासाठी ही बॅच म्हणजे तो एकर होता.

हे माहीत असून मी अडून बसले, कारण मला माझं म्हणणंही खरं वाटत होतं. सावड उभी असते ती पाळीवर. एकदा मोडली, दुसऱ्यांदा मोडली, की मग ज्याची गरज मोठी त्याची पाळी, आणि गरज तर कुणाचीही लहान नसते. हे असं शांतपणे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी अडतीवरच्या आवाजात म्हणाले, "पाळी म्हंजे पाळी."

ती म्हणाली, "तुमचं काय जातंय वैनी? तुमचा कापूस हाय, ऊस हाय. बॅच बसली तरी तुमच्या चुलीला फरक पडत न्हाई."

"माझ्या चुलीत तुम्ही डोकावू नका."

झालं. ती गेली आणि तिनं अळ्या पुरवणाऱ्या केंद्राला फोन करून तारीख घेतली. केंद्र म्हणजे जिथं अंड्यांतून निघालेल्या अळ्या पहिले काही दिवस वाढवून मग शेतकऱ्याला देतात ती जागा. संध्याकाळी मी फोन केला. केंद्रावरचा माणूस म्हणाला, "त्या तारखेला तुमच्या शेजारच्या ताईचंबी हाय, चालतंय का?" मी म्हणाले, "बिलकुल चालतंय." मला वाटलं, कळलं की ती माघार घेईल. तिलाही कुणीतरी सांगितलं, आणि तिलाही तेच वाटलं. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. आमची दोन्ही हातांनी चांगली खणखणीत वाजली.

पितृपंधरवडा चालू होता. केंद्राची गाडी आली ती बांधाच्या टोकाशी उभी राहिली. ड्रायव्हरनं आधी तिचे ट्रे उतरवले, मग माझे. आम्ही दोघी दोन बाजूंना तोंडं करून उभ्या. तो बिचारा आमच्या सावडीचा जुना साक्षीदार. एकीकडं बघतो, दुसरीकडं बघतो, आणि म्हणतो, "दोघींचंबी एकाच दिवशी? मंग मोठ्या खाण्याला कोण कुणाकडं जाणार?"

आम्ही दोघींनी आपापले ट्रे उचलले. तो गाडी वळवून निघून गेला.

पहिले दिवस निभावले. अळ्या लहान असतात तेव्हा त्यांचं खाणं चिमणीएवढं. त्यात त्या मधेमधे कात टाकायला बसतात, तेव्हा खात नाहीत, आपल्यालाही दम खायला मिळतो. मी माझ्या शेडात, ती तिच्या. बांधावरून तिच्या विळ्याचा आवाज यायचा. मी कापायला लागले की तिचा थांबायचा, तिचा सुरू झाला की मी थांबायचे. सवतीसुद्धा इतकं एकमेकींच्या पाळतीवर राहत नसतील.

मग शेवटची कात टाकून अळ्या उठल्या, आणि मोठं खाणं सुरू झालं.

बाईमाणूस मिळेना. सोयाबीन काढणीला आलेलं, सगळ्या बाया गुत्त्यावर. मालकांना म्हणाले, तर ते आले, पण त्यांच्या गालात तंबाखू. अळीला तंबाखूचा वास चालत नाही, अगरबत्तीचा चालत नाही, अंगाला लावलेल्या सेंटाचा चालत नाही. मी म्हणाले, तंबाखू सोडा नाहीतर शेड सोडा. त्यांनी लगेच शेड सोडलं. फांद्या कापून दाराशी टाकायचं तेवढं काम त्यांनी घेतलं, आणि खरं सांगायचं तर ते मन लावून केलं.

पण फांद्या पुरेनात. भाद्रपदातल्या पावसानं माझ्या तुतीच्या खालच्या भागात पाणी साचलं होतं, तिथलं पान पिवळं पडलं होतं. पिवळं पान अळीला घालणं म्हणजे लेकराला शिळं घालणं. घट बसायला एक-दोन दिवस होते. दुपारी शेडात गेले तर रॅकवर नुसत्या काड्या उरलेल्या, आणि अळ्या डोकी वर करून हलवत होत्या. पोट भरलेली अळी अशी करत नाही. उपाशी अळी डोकं उचलून इकडं तिकडं फिरवते, कुणी आलं का बघितल्यासारखी. ते मला बघवेना.

मी विळा घेऊन बांधाकडं निघाले. तिचं रान उंचावर, तिची तुती काळीभोर उभी होती, तिला कापायलाच हात नव्हते. मनात ठरवत होते की मान न वाकवता कसं मागायचं. बांधावर पोचले तर समोरून ती येत होती. तिच्याही हातात विळा.

आम्ही उभ्या राहिलो. ती म्हणाली, "ऊन लई पडलंय."

मी म्हणाले, "आभाळबी येऊन राह्यलंय."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे काय ते त्या दिवशी मला नीट कळलं. तिथं भांडी दोन होती आणि दोघींच्या पाठीमागं होती. तेवढ्यात तिच्या शेडाच्या दारातून म्हातारीचा आवाज आला, "आगं बोला की जल्दी! तिकडं अळ्या भिताडावर चढून राह्यल्या!"

मग बोललो. तिच्याकडं पान, माझ्याकडं कापणारा माणूस. पान दोघींचं एकत्र, हात सगळ्यांचे एकत्र, आधी एक शेड, मग दुसरं. झालेल्या भांडणाचा शब्द कुणी काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिच्या शेडात फांद्या अंथरताना मी दाट अंथरलं की विरळ, हे ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. माझ्या शेडात आलो तेव्हा तिनं शेवटच्या रॅकवर जरा पातळ हात फिरवला आणि मी ते पकडलं. कापलेलं पान संपत आलं होतं, तिनं मुद्दाम केलं नव्हतं, पण मनात अढी असली की काड्यासुद्धा मोजल्या जातात.

"वैनी, माझ्या शेडात आलं की तुमचा हात आखडतो," मी म्हणाले.

तिनं हातातली फांदी टाकली. एवढ्या दिवसांचं सगळं तिच्या तोंडावर आलं. "आन् तुमचा न्हाई आखडत? मी काय आंधळी हाय? मंग असं करा. आपापल्या शेडात कुणी जायचंच न्हाई. तुमच्या अळ्या मी बघते, माझ्या तुम्ही बघा. मरू द्या तिकडं मरायच्या त्या! द्या चावी!"

कुत्री-शेळ्या शिरू नयेत म्हणून आम्ही शेडांना कुलपं लावतो. मी कमरेची चावी काढून तिच्या हातात आदळली. तिनं तिची माझ्या हातात आदळली. दोघी तणतणत निघालो, आणि वाटेत माझ्या लक्षात आलं की मी घराच्या दिशेनं नाही, तिच्या शेडाच्या दिशेनं चालले आहे. दार नुसतं लोटलेलं होतं, उघडलं. रोग आत जाऊ नये म्हणून दारात ठेवलेल्या ब्लिचिंगच्या पाण्यात पाय बुडवले. आत म्हातारी बसली होती. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "आता ह्यो कोणता खेळ?"

मी सांगितलं. म्हातारी हसली नाही. म्हणाली, "बराबर हाय. ज्याचं त्याच्या हातात दिलं की माणूस चोरी करतं. दुसऱ्याचं हातात आलं की भितं."

ती भीती मला त्याच संध्याकाळी भेटली. माझ्या अळ्या उपाशी ठेवल्या तर ते माझं नशीब. हिच्या अळ्या माझ्या हातून उपाशी राहिल्या, तर गावात तोंड कुठं दाखवू? वर हिचा एकर जायचा, तोही माझ्या हातानं. दुसऱ्या सकाळी मी तिच्या रॅकवर इतकं दाट अंथरलं की म्हातारी म्हणाली, "बास, आता त्याच्याखाली दबतील." तिकडं माझ्या शेडात तीही तसंच करत असणार, हे मला न बघता कळत होतं. 'आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण जगात कुठंही खरी असो, आमच्या त्या आठवड्यात ती उलटी झाली होती.

घट बसले. मी नऊ दिवसांची उपाशी आणि अळ्या दिवसरात्र खादाड. सकाळी देवाजवळ उदबत्ती लावायची, मग हात घासून, लुगडं बदलून शेडाकडं जायचं. मधे बांधावर आमची गाठ पडायची. चहाचा थर्मास आणि स्टीलचे पेले तिथंच असायचे. पहिल्या दिवशी आम्ही फक्त कामाचं बोललो. "तुमच्या खालच्या रॅकची दोरी सैल झालीय, बांधून घेतली." ती दोरी वर्षभर सैल होती, मी रोज बघून न बघितल्यासारखं करत होते. मी म्हणाले, "तुमच्या मागच्या कोपऱ्यात मुंग्या निघत्यात, रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात." तिला ते माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या शेडात माणसाला नवे डोळे फुटतात.

मामाच्या गावाला गेलेल्या लेकरांची खबर घ्यावी तसं आम्ही एकमेकींना विचारायचो. "माझ्या कशा हायेत?" "चांगल्या हायेत. तुमच्या बघा, त्या कडेच्या रॅकवरच्या जरा आळशी हायेत." "त्या पहिल्यापासून तशाच."

तिसऱ्या की चौथ्या माळेला ती पेला हातात धरून म्हणाली, "वैनी, तुम्ही त्या दिवशी पाळी पाळी म्हणलात. मी कामून मागून राह्यले, ते एका शब्दानं विचारलं न्हाई."

मला ते लागलं. पण माझंही होतंच. "तुम्ही मागितलं कुठं? तुम्ही येऊन सांगितलं. मी आधी आणते, तुम्ही मागून आणा. मागितलं असतं तर..."

"तर दिलं असतं?"

मी विचार केला. खोटं बोलायची इच्छा नव्हती. "भांडले असते," मी म्हणाले, "पण दिलं असतं."

ती हसली. मग तिनं म्हातारीच्या नागपूरचं सांगितलं. मी पाळीबद्दल मला काय वाटतं ते सांगितलं, या वेळी हळू आवाजात. कुणाचंच मत बदललं नाही. तिला अजूनही वाटतं की गरजेपुढं पाळी वाकली पाहिजे, मला अजूनही वाटतं की पाळी वाकली तर सावड मोडते. पण एकीनं दुसरीचं ऐकलं होतं, शेवटपर्यंत. मला बरं वाटलं, इतकं की उपास असून पोट भरल्यासारखं वाटलं.

मोठं खाणं संपायला एक-दोन दिवस राहिले असतील, त्या संध्याकाळी आभाळ फाटलं. सकाळी कापलेल्या फांद्यांचा ढीग तिच्या शेडाच्या पडवीत होता, तेवढाच कोरडा. उभी तुती सगळी भिजली. ओलं पान अळीला चालत नाही, हगवण लागून बॅच बसते. मी तिच्या शेडात होते. ढिगाकडं बघितलं, तर तो एका शेडाला पुरेल, दोन्हींना नाही. बांधापलीकडं माझ्या शेडात ती होती, रिकाम्या हातांनी. तिथल्या अळ्या माझ्या होत्या.

अर्धं अर्धं करता आलं असतं. पण शेवटच्या टप्प्यात अर्धपोटी राहिलेली अळी पातळ कोष विणते, आणि पातळ कोष दोन्हीकडं झाले असते. तिच्या दिराला पातळ कोष दाखवून चालणार नव्हतं. मी ढिगाला हात लावला आणि तो सगळा तिच्या रॅकवर अंथरला. अंथरताना मी मोठी दिलदार वगैरे अजिबात नव्हते. मला रडू येत होतं, आणि तिचा रागही येत होता. माझ्या कडेच्या रॅकवरच्या त्या आळशी अळ्या डोकी वर करून हलवत असतील, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं. म्हातारी सकाळपासून दिसली नव्हती, बोलायलाही कुणी नव्हतं.

पाऊस उघडल्यावर डोक्यावर पोतं घेऊन मी माझ्या शेडाशी गेले. दार आतून लोटलेलं. उघडलं तर आत दोन पंखे लावलेले, मधे दोरीवर ओल्या फांद्या उलट्या टांगलेल्या. त्यांच्या खाली म्हातारी आणि ती बसलेल्या. मांडीवर जुनी सुती लुगडी फाडून केलेले फडके, आणि दोघी एकेक पान पुसत होत्या. पुसलेली फांदी रॅकवर, पुढची मांडीवर. अर्धे रॅक झाले होते. पाऊस सुरू झाला तसं भिजत फांद्या कापून त्यांनी हे चालवलं होतं. मी ढीग इकडं आणीन याची वाट त्यांनी बघितली नव्हती.

ती मला बघून म्हणाली, "माझ्यांना घातलं का?"

"सगळं घातलं."

"बरं केलं. मंग बसा, फडकं घ्या."

मी दाराशी उभी राहिले. माझ्या शेडात पाय ठेवायची मला परवानगी नव्हती, ठरलं होतं तसं. म्हातारी म्हणाली, "बस गं, फडक्यापुरती माफी." मग मी बसले. पुसता पुसता मी रडले आणि त्या दोघींनी बघून न बघितल्यासारखं केलं.

अळ्या पिकल्या, पिवळसर, काचेसारख्या दिसायला लागल्या, तेव्हा त्यांच्यावर जाळ्या टाकल्या. त्या वर चढल्या आणि विणायला लागल्या. पावसाचा गारवा होता, विणायला वेळ लागला, आणि कोष काढायचा दिवस नेमका दसऱ्यालाच येऊन टेकला. तिनं नागपूरला जायचं सोडून दिलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाली. म्हातारी नुसती गुडघे चोळत राहिली.

मी माझ्या मूळच्या आवाजात म्हणाले, "पुढचं वर्ष कुणी बघितलंय? चावी माझ्याकडं हाय. तुमच्या शेडाचं मी बघून राह्यले, तुम्ही मधे पडू नका. गाडीत बसा."

आदल्या दिवशी गावातून गाडी निघाली तेव्हा म्हातारी पांढरं पातळ नेसून खिडकीशी बसली होती. तिनं मला हात केला. मी शेडाकडं परतले.

दसऱ्याच्या सकाळी घरची पूजा उरकून मी तिचे कोष काढायला बसले. थोड्या वेळानं बाहेर मोटारसायकल थांबली. दीर होता. दसऱ्यापर्यंत बघतो म्हणाला होता, ते बघायला आला होता. चपला घालून तो सरळ आत यायला लागला.

"भाऊ, चपला बाहेर. पाय पाण्यात बुडवा आधी."

तो थांबला. रोटर घालायला निघालेला माणूस ब्लिचिंगच्या पाण्यात दोन्ही पाय बुडवून लेकरासारखा उभा राहिला. मग आत आला. जाळ्या पांढऱ्याशुभ्र भरलेल्या. त्यानं एक कोष हातात घेतला, दाबून बघितला. दबला नाही. कानाशी नेऊन हलवला.

"वाजतो," तो म्हणाला.

"चांगला कोष वाजतोच."

तो रॅकच्या कडेनं शेवटपर्यंत गेला, भिंतीशी उभा राहून त्यानं पावलांनी जागा मोजली. परत येताना म्हणाला, "हिकडं एक रॅक अजून बसंल की, वैनी." उसाचा शब्द त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. तो गेल्यावर मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

दुपारी फोन आला. मागं माणसांचा समुद्र असल्यासारखा आवाज होता. ती ओरडून विचारत होती, "भाऊजी आल्ते का?"

"आल्ते. जागा मोजून गेले."

"कशाची जागा?" तिचा आवाज बारीक झाला.

"अजून एक रॅक बसवायची."

  गर्दीतच तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "तुमचे काढले का कोष?"

"न्हाई."

"कामून?"

"ते माझं काम न्हाई. तुमचं हाय. तुम्ही आल्यावर काढा."

"आवं वैनी, मला दोन दिवस..." ती थांबली. कमरेला चाचपत असावी. "आगं बया! तुमची चावी तर माझ्याकडंच हाय. नागपूरला आली माझ्यासंगं!"

"आसू द्या," मी म्हणाले. "म्हातारीला सांगा, नीट फिरून घ्या. काई घाई न्हाई."

फोन ठेवून मी पुन्हा तिच्या कोषांना बसले. माझ्या शेडाची दुसरी चावी घरात खिळ्याला होती. मी ती काढली नाही.